रश्श्यासाठी घसरण

देशाच्या फुटबॉलची रचना मला फार आवडते. एकच स्पर्धा नसते, मजले असतात. सगळ्यात वर मोठ्या संघांची लीग, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, आणि तळाशी ज्याच्या त्याच्या राज्याची. खाली पहिला आलेला वर चढतो, वर शेवटचा आलेला खाली उतरतो. भात कापून शेतं मोकळी झाली की आमची गावं एकमेकांशी खेळतात. त्या सामन्यांना मी हौसेनं हीच पद्धत लावली. वरचा गट, खालचा गट. आमचं पोशीर वरच्यात. जुना रिवाज तसाच ठेवला: ज्यांच्या गावात सामना, त्यांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं.

घोळ इथेच झाला. वरच्या गटातली गावं वडापाववर कटवायची. खालच्या गटात होती कशेळ्याच्या वरची एक आदिवासी वाडी. तिथे एकदा सरावाला गेलो, तर गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी! परतताना जीपमध्ये सगळे अजून बोटंच चाटत होते. मग आमचा कप्तान हळूच म्हणाला, "मास्तर, आपण खाली गेलो तर?"

ठरलं. शेवटचा सामना कळंबशी होता, हरलो की घसरण नक्की. मी गोलकीपर. कळंबवाल्यांचा नेम इतका वाईट, की मी बाजूला उभा राहूनही चेंडू आत जाईना. शेवटी कप्तानानंच तो आमच्या जाळ्यात मारला आणि डोक्याला हात लावून असा काही रडला, की मलाही हुंदका आला.

मीच आयोजक, त्यामुळे पडेल चेहऱ्यानं निकालही मीच सांगितला. पोशीर खाली. सामना बघायला आलेला वाडीचा संघ एकदम नाचायलाच लागला.

"आम्ही येणार म्हणून एवढा आनंद?" मी विचारलं.

"नाय ओ मास्तर! आमी खाली पयले आलो. तुमी उतरले, आमी चढलो. तुमचाच नियम हाय ना?"

रश्श्याच्या नादात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कप्तान आता खराखुरा रडत होता.

यंदा आम्ही जीव तोडून खेळतोय आणि खालच्या गटात पहिले आहोत. वाडी मात्र वर शेवटची आहे. ती उतरली तर आमचं चढणं फुकट. म्हणून वाडीत सामना असला की आमचा अख्खा संघ तिथे जातो आणि घसा फुटेस्तोवर ओरडतो, "हरू नका रं!" तरी ते हरतात. मग जिंकलेले पाहुणे पंगतीला बसतात, पातेल्याचं झाकण निघतं, आणि आम्हा प्रेक्षकांना नियमाप्रमाणे पाणी मिळतं.