दर्भाचा कावळा

आमच्या घराण्यात बाईवर हात उचलायची रीत नाही. हे वाक्य तात्या, म्हणजे आमचे थोरले चुलते, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयताला उभं राहून म्हणतात. माझ्या भावाच्या दहाव्यालाही म्हणाले. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्या मुलानं माझ्या वहिनीचे केस धरले.

भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला आणि उंब्रजजवळ उसाच्या ट्रॉलीखाली गेला. मोटारसायकल सोडवायला क्रेन लागली. त्याला सोडवायला काय लागलं ते मी लिहिणार नाही. तात्यांनी मात्र चौकात फ्लेक्स लावला : ‘वीर जवान अमर रहे’. फोटो लग्नातला. त्यातून वहिनीला कापून काढलं होतं, पण तिचा हात भावाच्या खांद्यावर राहून गेला होता.

वहिनी नागालँडची. गावानं पहिल्या दिवशीच तिचं नाव ‘चिनीण’ ठेवलं. साताऱ्याच्या स्टँडवर एकानं तिला डोळे बारीक करून दाखवले, तेव्हा भावानं त्याचं नाक फोडलं होतं. गावात तो कुणाकुणाची नाकं फोडणार? त्यात निम्मे भाऊबंद. तिनं मराठी शिकून घेतली, तीही आमच्या आईची. माझ्यासारखी पुस्तकातली नव्हे.

दहाव्याला कृष्णेच्या काठी पिंड मांडला. कावळा शिवेना. मग रीतीप्रमाणे मेलेल्याला वचनं देणं सुरू झालं.

“तुझ्या नावानं कमान बांधतो रं गड्या,” तात्या हात जोडून म्हणाले.

बाभळीवरचा कावळा हलला नाही.

“संगमरवरी बांधतो.”

तरीही नाही. वहिनीला सांभाळतो, असं कुणी म्हणेना. ते मी म्हणालो.

“तू गप रं,” तात्या म्हणाले. “कावळा हिला बघून बिचकतोय. हिला मागं न्या. आन् उद्या तिच्या मुलखाला धाडा.”

वहिनी उठली. तिनं पिशवीतून वाटी काढून पिंडाशेजारी ठेवली. तिच्या आईनं पाठवलेली सुक्या मासळीची चटणी. भाऊ ती भाकरीबरोबर बोटं चाटून खायचा.

“आवं तात्या,” ती म्हणाली, “त्येंला कमान न्हाई, ह्ये आवडायचं. आन् मी कुटं जात न्हाई. माझं घर हितं हाय.”

तात्यांनी वाटीला लाथ मारली. तात्यांना सुकट जिवापाड आवडते. पण ती आपल्याकडची. वहिनी वाटी उचलायला वाकली आणि चुलतभावानं तिचे केस धरून तिला मागं ओढलं. आम्हा सगळ्या पुरुषांची डोकी नुकतीच भादरलेली होती. धरण्यासारखे केस तिथं तिचेच होते.

मी पितळी तांब्या त्याच्या तोंडावर घातला. मी आयुष्यात कुणाला मारलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा मारणं सोपं गेलं. त्याचा दात ओठातून बाहेर आला. कुणीतरी माझ्या बरगडीत लाथ घातली. वहिनीनं तात्यांच्या मनगटाला चावा घेतला तो सुटेना. “चिनीण चावली! कुत्र्यावानी चावली!” तात्या ओरडत होते. “सोड गं!” आई चप्पल घेऊन धावली आणि दिसेल त्या टकलावर मारत सुटली. माझ्यासुद्धा.

त्या धुमश्चक्रीत कावळा खाली उतरला. वाळूत सांडलेली मासळी त्यानं निवांत टिपली. मग दुसरा आला, मग चार. भाताकडं एकानंही बघितलं नाही. वहिनीनं तात्यांचं मनगट सोडलं, तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. आई तिला धरून घराकडं चालू लागली. माझ्या आईनं तिला कुणाच्या देखत धरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

“शिवला,” मी म्हणालो.

“पिंडाला न्हाई शिवला,” तात्या मनगट दाबत म्हणाले.

भटजींनी दर्भाचा कावळा केला. तो लगेच शिवला.