दिल्ली ठरेपर्यंत अनवाणी

“बूट घाला आधी. बस यायची वेळ झाली.”

“सरकार आलंय का आपलं?”

“त्यांचं तरी कुठं आलंय? बहुमत कुनालाच न्हाई, टीव्हीवाले घसा फोडून सांगायलेत की!”

“मग माझी शपथ सुटली कशी?”

“अन् मोडतीय तरी कशी?” विजयश्रीने सेफ्टी शूजचा खोका नवऱ्यासमोर आदळला.

ज्योतीराम खाटेवर बसून पाय हलवत राहिला. मागच्या लोकसभेला पक्ष हरला, तेव्हा लातूरकडच्या आपल्या गावी खंडोबापुढे भंडारा उचलून तो बोलून बसला होता, की दिल्लीत आपलं सरकार बसेपर्यंत पायात काही घालणार नाही. आपलंही बसलं नाही आणि त्यांचंही बसलं नाही तर काय, हे तेव्हा त्याला सुचलं नाही. खंडोबानेही विचारलं नाही.

पुढे पोटासाठी दोघं चाकणला आले, पण त्या शपथेपायी तिथल्या कंपन्या त्याला बंद झाल्या. अनवाणी माणसाला मशीनजवळ कोण उभं करणार? मग तळेगावच्या बाजूला गुलाबांच्या नर्सरीत पाणी द्यायचं काम धरलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या छताखाली उजेड दुधासारखा सांडलेला असे. ओली माती बोटांमधून वर यायची. पाणी देता देता तो कधी दिल्लीला पोचायचा, त्याचं त्यालाच कळत नसे. तिथे रुंद रस्ता, दुतर्फा गुलाब, आणि लांबून कुणीतरी तबकात नव्याकोऱ्या चपला घेऊन येतंय. येतंय, येतंय, येतच राहतंय. जवळ काही पोचत नाही. पाइपातलं पाणी संपलं की ज्योतीराम तळेगावात परत यायचा, तोंडावर हसू तसंच.

यंदाच्या प्रचारात पक्षाचे तालुक्यातले पुढारी दादासाहेब यांनी त्याला स्टेजवर बोलावून खुर्चीवर उभं केलं. “हे पाय बघा, मंडळी!” दिव्याचा झोत पावलांवर आला. भेगांमधली माती चमकली. टाळ्या थांबेचनात. जन्मात त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

निकालाआधीच नर्सरी बंद पडली. विजयश्री ज्या कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या लाटायची, तिथल्या सुपरवायझरच्या मागे लागून तिने नवऱ्यासाठी काम मिळवलं. आज पहिला दिवस. “अनवाणी आले तर गेटवरूनच परत पाठवीन, ताई,” असं त्याने बजावलं होतं.

फोन वाजला. दादासाहेबच होते.

“घाल रं बाबा चप्पल! दिल्लीत आपलं साहेब समोरच्या पक्षासंगं बोलणी करत्यात. दोघं मिळून बसतील बहुतेक.”

“म्हंजे सरकार आपलं का त्यांचं, दादासाहेब?”

“आरं, अर्धं अर्धं!”

“मग एकाच पायात घालू का?”

दादासाहेब खो खो हसले आणि फोन बंद झाला. विजयश्रीलाही हसू फुटलं. ती खाली बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि मोजा हळूहळू चढवायला लागली. ज्योतीराम त्या झाकल्या जाणाऱ्या पावलाकडे असा बघत होता, जणू गाडीत बसून कुणी गावाला निघालंय.

“खरं सांगू?” ती मान वर न करता म्हणाली. “तुमाला सरकार कुनाचंच नकोय. हे असं लोंबकळलेलंच बरं वाटायलंय. कुनीतरी बसलं, तर मग तुमच्या पायाकडं कोन बघनार? बोला की. खोटं हाय का?”

ज्योतीरामने मोजा काढला. नीट घडी करून तिच्या हातात दिला. बाहेर कंपनीच्या बसने हॉर्न दिला. तो उठला, खोक्याला वळसा घालून दाराबाहेर पडला आणि उभ्या बसच्या पुढून, उन्हाने तापायला लागलेल्या डांबरावरून, तळेगावच्या बंद नर्सरीच्या दिशेने चालू लागला.