चौरंगावरचा सर्व्हर

फजिती सांगतो, पण घोट गिळून घ्या आधी, उगाच ठसका लागायचा.

मी अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तेव्हा नोकरी नवीकोरी, अजून कायमही झालो नव्हतो. खंडेनवमीचा दिवस. यंत्रांची पूजा होती, पण एक ट्रक माल घेऊन निघायचाच होता. आणि नेमकं सकाळी कोणाचंच लॉगिन होईना! लॉगिन नाही तर गेटपास नाही, गेटपास नाही तर ट्रक नाही.

सगळ्यांची नावं-पासवर्ड सांभाळणारा डिरेक्टरी सर्व्हर माझ्या कन्सोलवरून, म्हणजे सगळी यंत्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवरून, गायब होता. बाकी सगळी हिरवीगार, हाच तेवढा नाही.

मग माझ्यासारख्या हुशार माणसाने काय केलं असेल? कन्सोलला शिव्या घातल्या. तो बंद करून चालू केला. सर्व्हरचं नाव हाताने घातलं, तर ते लाल होऊन बसलं. साहेब दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "सर्व्हर ठणठणीत आहे साहेब, कन्सोलच खोटं बोलतोय."

तेवढ्यात आरतीचं बोलावणं आलं. चौरंगावर पाने-पकडी, हातोडे आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला एक काळा डबा. तो आदल्या संध्याकाळी मीच हौसेने ठेवला होता. आपल्या खात्याचंही काहीतरी नको का पूजेला? नवा सर्व्हर आल्यापासून हा जुना कोपऱ्यात धूळ खात होता, म्हणून वायरी उपटून आणला.

टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले. नव्यावर सगळं नेलं होतं, फक्त डिरेक्टरी न्यायची राहिली होती! सकाळपासून ज्याला शोधत होतो, त्याचीच मी आरती करत होतो.

आरती संपताच झडप घातली, तर फोरमन बोराडे आप्पांनी मनगट धरलं. "पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यालाच उठतं. हात लावायचा नाय."

मी रडकुंडीला आलो. शेवटी साहेबांनीच तोड काढली. उठवायचा नाही ना, मग बसल्या जागी चालू करा म्हणाले. समईला वळसा घालून चौरंगापर्यंत वायरी ओढल्या, झेंडू सरकवून बटण दाबलं. थोड्या वेळाने सर्व्हर कन्सोलवर उगवला आणि ट्रक सुटला.

साहेबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी चौरंगावर तुम्हीच बसा. म्हणजे दसऱ्यापर्यंत कशाला हात तरी लावणार नाहीत."