तुरळक ठिकाणी

मोबाईलवर पावसाचा अंदाज यायला लागला, तेव्हा आमच्या गल्लीत तो फक्त माझ्याच मोबाईलवर यायचा. बाकीच्या घरांतले मोबाईल पुरुषांच्या खिशात, शेतावर नाहीतर गोंदियाला. माझा माझ्याजवळ, आणि वर मी सातवी पास. मग काय विचारता!

तेव्हाची मी आठवली की हसू येतं. पन्नाशीची बाई, पण नखरा असा की जणू ढग हिला विचारूनच घरून निघतात. दोन ओळींचा मेसेज, तोसुद्धा चार बायका जमल्याशिवाय आणि घसा खाकरल्याशिवाय वाचायची नाही. 'विजांच्या कडकडाटासह' हे तर अशा आवाजात म्हणायची की पोरं रडायला लागत. बायका मात्र माझ्या शब्दावर धान कापत, धान उचलत.

माझ्या पोरीचं लग्न मे महिन्यात निघालं. त्याच दिवसांत इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचा उन्हाळी धान कापणीला आला होता. माझी शेजारीण नवरा गेल्यापासून एकटीच शेती करायची. तिने लग्नाच्या आदल्या दिवशी तिची एकुलती एक बांधी, तेवढाच काय तो धानाचा तुकडा, कापली. कापलेल्या धानाच्या कडपा शेतातच वाळायला पसरल्या होत्या. त्या वाळल्या की भारे बांधायचे. तिचे वर्षाचे तांदूळ त्यातच.

लग्नाच्या सकाळी ती आमच्या मांडवात पुऱ्या लाटत बसली होती, तेव्हा मोबाईल वाजला. दुपारनंतर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी वारा आणि जोरदार पावसाची शक्यता.

"काय सांगून राहिला वो तुया मोबाईल?" तिने विचारलं. "माया कडपा पडून आहेत. जाऊन भारे बांधून येऊ काय?"

अर्ध्या गल्लीचा धान असाच पडला होता. ही उठली की बाकीच्याही उठणार. मग पुऱ्या कोण तळणार, मी? नवऱ्यामुलाच्या आईने मला कढईपुढे घामाघूम बसलेली पाहिली तर! तेवढ्यात 'तुरळक' या शब्दाने मला हात दिला. तुरळक ठिकाणी म्हणजे कुठेतरी, आणि कुठेतरी म्हणजे दुसऱ्याच्या गावात. माझ्या शहाण्या डोक्याला हे ठरवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"काही नाही वो, ऊन आहे म्हणते," मी म्हटलं. "उद्या बांधजो."

"मग बरं." तिने पुढची पुरी लाटायला घेतली.

तीनच्या सुमाराला नवेगावच्या बाजूने आभाळ काळं होत आलं. पहिल्या झपाट्यातच मांडवावरच्या जांभळाच्या डहाळ्या उडाल्या. बायका पोरं उचलून घरात पळाल्या. शेजारीण तेवढी पळाली नाही. वीज कडाडत होती आणि ती मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरून उभी.

"आत ये वो, मरशील!" मी दारातून ओरडले.

"मांडव पडला तर कसं होईन? पोरीचं लगन आहे!"

तिचा धान तिकडे भिजत होता आणि ती माझा मांडव धरून होती. मी दारात कोरडी.

पाऊस दोन दिवस राहिला. तिच्या कडपा पाण्यात बुडाल्या, दाण्यांना अंकुर फुटले. मी बघायला गेले ती लग्नातली उरलेली बुंदी घेऊन. बघा अक्कल! बांधावर एक बाई म्हणाली, "हिच्याच मोबाईलनं सत्यानाश केला." त्यावर शेजारीण तिच्यावरच तडकली, "मोबाईल का देव आहे? तो बी चुकते. हिचा का दोष?"

"हो ना, चुकतो कधी कधी," मी म्हटलं. हे मी म्हटलं, स्वतःच्या तोंडाने. पुढे तिच्याकडे तांदूळ पाठवले, तर तिने माझे उपकार मानले. तेही मी मानू दिले.

आता घरोघरी मोबाईल आहेत, तरी ती माझ्याकडेच विचारायला येते. यंदाही तिचा धान कापून पडला होता आणि मेसेज आला. तेच शब्द, तेच तुरळक. मी चप्पल घालायला थांबले नाही. दोघी म्हाताऱ्यांनी दिवस कलेपर्यंत भारे बांधले. माझे गुडघे मला शिव्या देत होते. आणि आभाळ? स्वच्छ. पाऊस पडला तो पार तिकडे, बोदलकशाकडे.

ती भाऱ्यावर बसून हसायला लागली. "पुन्हा चुकला वो तुया मोबाईल! उगीच कंबर मोडली आपली."

"लग्नाच्या दिवशी चुकला नव्हता," मी म्हटलं.

तिचं हसू थांबलं. "म्हणजे?"

"तू पुऱ्या लाटत होतीस, तेव्हाच आला होता मेसेज. मी वाचला होता."

ती बराच वेळ हाताला चिकटलेली तुसं काढत राहिली. मग उठली. "चाल घरी. दिवस कलला."

वाटभर ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली, नेहमीसारखी माझ्याजवळ ओसरीवर बसली. मोबाईल वाजला. मी चष्मा शोधू लागले, तर तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि आतल्या खोलीकडे पाहून माझ्या सुनेला हाक मारली.

"ये वो सूनबाई, जरा वाचून दे."