बिनपायडलची गाडी

दुबईत आम्ही सगळेच गाडीवाले. पण गाडीवर खरा जीव असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्यांच्या गाडीला इंजिन तर सोडाच, पायडलसुद्धा नव्हतं. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे हे काका इंटिरियरच्या कंपनीत सुतारकामाचे सुपरवायझर. साइटवर उरलेल्या सागवानी तुकड्यांतून त्यांनी सायकलचा अगदी पहिला अवतार उभा केला होता. एक लाकडी दांडा, दोन लाकडी चाकं. वर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचं. पुढे कुणीतरी चाकाला पायडल लावलं आणि तिथंच मनुष्यजातीचं बिघडलं, असं त्यांचं ठाम मत. ते त्यांनी लिफ्टमध्ये, बारशात, एकदा तर दाढदुखीने कळवळणाऱ्या माझ्या बायकोलाही ऐकवलं. माझी मुलगी विचारायची, "अंकल, बट व्हेअर आर द पेडल्स?" काका म्हणायचे, "बेटा, पायडल आलं आणि पाय जमिनीवरून सुटले. खलास!"

दोन हजार आठच्या दसऱ्याला आम्ही पार्किंगमध्ये आपापल्या कर्जाच्या गाड्या धुऊन त्यांना झेंडूचे हार घातले. रांगेच्या शेवटी काकांनी आपली लाकडी गाडी उभी केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग कुर्ता सावरून एक चक्कर मारली, वळणावर कुणाच्या तरी जीपला धडकले आणि उठून जीपलाच सॉरी म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो.

त्यानंतर हसण्यासारखं फारसं उरलं नाही. मंदी आली, टॉवर अर्धवट थांबले, काकांची कंपनी बंद पडली, व्हिसा कॅन्सल झाला, नाशिकला परतायची वेळ आली. कार्गोवाला लाकडी गाडी न्यायला तयार होता. काकाच नको म्हणाले. "सामान गेलं की माणूस गेला. हिला तुमच्या पार्किंगात ठेवा. ही इथं आहे ना, मग मी पण नवा जॉब शोधून परत येणार, इन्शाल्ला." माझ्याकडे जागा होतीच, माझी गाडी बँकेने नेली होती.

पुढच्या दसऱ्याला मी एकटाच हार घेऊन खाली गेलो. संध्याकाळी नाशिकहून काकांचा फोन आला.

"घातला ना तिला हार?"

"घातला, काका. जॉबचं काही जमतंय का?"

काका म्हणाले, "असं करा, तिला पायडल बसवून घ्या. तुम्हाला वापरता येईल."

पायडलवरून सगळ्या बिल्डिंगशी वाद घातलेला माणूस हे म्हणाला, तेव्हा ते आता येत नाहीत हे मला कळलं, आणि फार वाईट वाटलं. पायडल मी अजून बसवलेलं नाही.