साडूचा डबा

माझ्या साडूला सगळे ‘डबा’ म्हणतात. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर टीव्ही दुरुस्त केले. तो धंदा बसला तसा हा जुन्या गाड्यांच्या मागे लागला. त्या गाड्यांच्या इंजिनालाही कॉम्प्युटर असतो, पण बाजारातली तपासणीची यंत्रं त्याला चालत नाहीत. यानं काय करावं? प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्याला भोक पाडलं, लाल दिवा बसवला, दोन तारा बाहेर काढल्या. तारा गाडीच्या सॉकेटात घातल्या की इंजिनाच्या आठवणीत राहिलेला बिघाड दिवा लुकलुकून सांगतो. लांब किती, आखूड किती, मोजायचं. झाला मेकॅनिक!

आणि त्यावर अख्खं सासर फिदा. गॅरेज माझं, कोपरापर्यंत काळे हात माझे, पण सासूबाई पाहुण्यांना सांगणार, “आमचे थोरले जावई म्हणजे गाड्यांचे डॉक्टर!” मग मी कोण, कंपाउंडर? अंगाचा नुसता तिळपापड होतो.

बायको नर्स. घरोघरी जाऊन पेशंटची मलमपट्टी करते. तिची जुनी गाडी तापली की भर रस्त्यात बंद पडायची, गार झाली की गुमान चालू. मी दर वेळी आधी बॅटरीची तार सोडायचो. तार सोडल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, ही आमच्या वस्तादाची शिस्त. मग सगळं तपासायचो. काही म्हणजे काही सापडायचं नाही. एका म्हातारबुवांचं इंजेक्शन चुकलं, तेव्हा ती म्हणाली, “रविवारपर्यंत बघा. नाहीतर सोमवारी गाडी भाऊजींकडे.”

माझ्या बायकोची गाडी त्याच्या दारात? त्यापेक्षा गॅरेजला कुलूप लावलेलं बरं!

रविवारी तिला गाडी चालवायला लावून मी शेजारी बसलो. पुलाच्या चढावर पडली बंद. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि सवयीनं बॅटरीच्या तारेला पाना लावला.

“अहो, हात लावू नका!” ती केवढ्यांदा ओरडली.

पर्समधून तिनं डबा काढला. साडूचा डबा, माझ्या बायकोच्या पर्समध्ये! खाली वाकून तारा सॉकेटात घातल्या, चावी फिरवली आणि लुकलुक मोजायला लागली.

“तार सोडली की इंजिनाची आठवण पुसली जाते,” ती म्हणाली. “दर वेळी तुम्हीच पुसत होतात.”

“त्यानं सांगितलं वाटतं? आणि डबाही दिला?”

“दिला नाही. मी जोडलाय. भाऊजींनी शेजारी बसून शिकवलं.”

मी पाना खिशात घातला. “मला नाही विचारावंसं वाटलं?”

“लग्न झाल्यापासून विचारतेय. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणायचात. भाऊजी म्हणाले नाहीत.”

डब्याच्या हिशेबानं बिघाड इंजिन फिरतंय की नाही हे सांगणाऱ्या सेन्सरचा होता. चावी बंद करायला लावून मी त्या सेन्सरच्या तारेवरून बोटं फिरवत खाली गेलो. धुराच्या पाइपाजवळ बोटाला उघडं तांबं लागलं. वरचं रबर वितळलेलं. तापलं की तार लोखंडाला टेकत होती.

“सापडली!”

ती माझ्याशेजारी येऊन वाकली. “कुठे? दाखवा ना.”

तुला काय कळतंय, अगदी ओठांवर आलं. साडूवर जळत होतो, आजही जळतो, खोटं कशाला बोलू? पण मी बाजूला सरकलो.

“बाही वर कर,” म्हटलं. “हात इकडून घाल. पाइप तापलाय, जपून.”