चकाचक आणि दोन सारख्या गिटारी

त्याला सगळे चकाचक म्हणत. तोंडावरही आणि पाठीमागेही, त्यामुळे त्यात लपवाछपवी काही नव्हती. गिटारी दुरुस्त करायचा त्याचा धंदा होता. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक दार, ते कधीच नीट लागायचं नाही. गिटारीची एक सैल खुंटी घट्ट करून द्या म्हणून कुणी आलं, की चकाचक सगळ्या खुंट्या काढून साफ करायचा, तारा बदलायचा, मान घासायचा आणि जाता जाता गिटारीच्या पिशवीची तुटलेली चेनही शिवून टाकायचा. हातचं राखून काम करणं म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

त्याच्या बायकोनं या गोष्टीपुढे कधीच हात टेकले होते. "शेजारच्यांची एक खुर्ची करकरत होती," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "तर यांनी सगळ्या खुर्च्यांचे पाय तासून सारखे केले. आता त्या घरात सगळे जण टेबलाला हनुवटी लावून जेवतात." यात तिखटमीठ फारसं नव्हतं. टेबलाचेही पाय कापून देतो म्हणून चकाचक करवत घेऊन गेला होता, पण शेजारणीनं दारच उघडलं नाही.

तर एकदा त्याच्याकडे पाठोपाठ दोन गिटारी आल्या. पहिली एका नर्सबाईंनी आणली. ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या, पायात अजून दवाखान्यातल्या पांढऱ्या चपला. उजव्या हातात एक अंगठी होती, ती बोटात फिरू नये म्हणून आतून दोरा गुंडाळलेला.

"आईची गिटार आहे," त्या म्हणाल्या. "आई गेली गेल्या वर्षी. मला फारसं वाजवता येत नाही हो काका, पण अधूनमधून घेऊन बसते. एक खुंटी घसरते, तेवढी बघा."

दुसरी आणली एका बस-ड्रायव्हरनं. माणूस आडवातिडवा, आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत जाईल असा. मित्रांच्या बैठकीत वाजवायचा आणि कुणी थांब म्हणेपर्यंत थांबायचा नाही. "तारा फार उंच आहेत, मिस्त्री," तो म्हणाला. "बोटांची सालटी निघतात. जरा खाली आणा. घाई नाही."

घाई नाही हे दोन शब्द चकाचकला कधी कुणी सांगू नयेत.

त्यानं दोन्ही गिटारी पिशव्यांतून काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या, तर काय, दोघी जुळ्या! एकाच कारखान्यातल्या, एकाच नमुन्याच्या, तोच मधासारखा रंग, तेच गोल पोट. चकाचकच्या अंगात आलं. त्याचा एक लाडका सिद्धांत होता. एकाच साच्यातल्या दोन गिटारी कधीच सारख्या वाजत नाहीत, कारण साचा एक असला तरी झाड एक नसतं. एकीचं लाकूड दाट रेघांचं, तर दुसरीचं विरळ. एकीच्या आतला आधाराचा दांडा केसभर जाड, तर दुसरीचा बारीक. पण हे ऐकायचं कसं? एकीच्या तारा गंजलेल्या, दुसरीच्या नव्या. एकीच्या मानेवरच्या पट्ट्या झिजलेल्या, दुसरीच्या धड. मग माणूस तारा ऐकतो, गंज ऐकतो, लाकूड ऐकायचं राहूनच जातं. आता आयत्या दोन जुळ्या हाती लागल्या होत्या. बाकी सगळं तंतोतंत सारखं केलं, तर उरेल ते फक्त लाकूड!

मग काय विचारता. त्यानं दोघींना एकाच पाकिटातल्या खुंट्या बसवल्या, एकाच रिळाच्या पट्ट्या आणि एकाच कंपनीच्या तारा. तारांची उंची कागदाची घडी घालून मोजून सारखी केली. पोटातली धूळ ब्रशनं काढली, आतला कारखान्याचा फाटका कागद वाईट दिसत होता तोही खरवडून टाकला. वरचे ओरखडे, डाग, कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचे घाव, सगळं घासून पुन्हा पॉलिश चढवलं. पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर घातल्या. गोंधळ नको म्हणून एवढं मात्र मनाशी पक्कं ठरवलं होतं, की नर्सबाईंची डावीकडे आणि ड्रायव्हरची उजवीकडे.

पॉलिश वाळायला दोघींना फिरत्या स्टँडवर लटकवलं. खिडकीतून ऊन एकाच बाजूनं यायचं, म्हणून दोन्हीकडून सारखं वाळावं यासाठी तो येता-जाता स्टँड अर्धा फिरवायचा. कधी जेवून उठल्यावर, कधी नुसताच.

पॉलिश वाळलं. चकाचकनं दोघी उतरवून मांडीवर घेतल्या, एकीनंतर एक छेडल्या आणि तो चक्क खुर्चीतून उठला. "अगं, बाहेर ये! लवकर ये!"

बायको ओले हात पुसत आली.

"ऐक. ही पोटातून बोलते. जाड तार सोडली की आवाज खोलीत रेंगाळतो, बघ. आणि ही ऐक. ही घशातून बोलते. स्वच्छ, टणटणीत, पण लगेच आटोपतं घेते. सगळं सारखं आहे, काडीचा फरक ठेवला नाही मी. हे लाकूड बोलतंय, लाकूड!"

बायकोनं मन लावून ऐकलं. तिला फरक कळलाही. "छान आहे," ती म्हणाली. "नर्सबाईंची कुठली?"

चकाचकनं दाखवायला बोट उचललं. त्यानं डावीकडच्या गिटारीकडे पाहिलं, उजवीकडच्या गिटारीकडे पाहिलं आणि मग फिरत्या स्टँडकडे पाहिलं.

त्यानंतर त्यानं काय काय केलं नाही! स्वयंपाकघरातला काटा आणून दोघींना जोखलं, काट्यानं फरक दाखवला नाही. आत छोटा आरसा घालून टॉर्च मारला. एकीच्या आतला दांडा जाड होता, एकीचा बारीक, सिद्धांत खरा ठरला होता, पण त्या आनंदाचा आता काय उपयोग? कुणाची कुठली हे दांड्यावर थोडंच लिहिलं होतं! आल्या तेव्हा कशा वाजत होत्या हे आठवावं, तर आल्या तेव्हा दोघींच्या तारा इतक्या मेलेल्या होत्या की दोघी सारख्याच खुळखुळत होत्या. शेवटी त्यानं दोघींच्या पोटात नाक घालून वास घेतला. दोघींना त्याच्याच पॉलिशचा वास येत होता.

"खूण म्हणून काही ठेवलंच नाही मी," तो डोकं धरून बसला. मग जरा वेळानं, बायकोकडे न बघता म्हणाला, "तशी कुठलीही कुणाला दिली तरी त्यांना काय कळणार आहे?"

"मी विणलेला स्वेटर आपल्या लेकीनं उद्या कुठे धुवायला दिला," बायको म्हणाली, "आणि त्या माणसानं तस्साच दुसरा घडी घालून परत केला. तिला नाही कळलं. चालेल तुम्हाला?"

चकाचकनं नकारार्थी मान हलवली. मग उठला आणि दोघांना फोन करून सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी या म्हणून सांगितलं.

दोघं आली. नर्सबाईंनी गिटारी बघताच तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, किती सुंदर!" म्हणत त्या पुढे झाल्या आणि गिटारीच्या भोकाखालच्या जागेवरून बोट फिरवू लागल्या. आधी एकीच्या, मग दुसरीच्या. "इथे एक चरा होता ना? लांबट. आईची ही अंगठी लागायची वाजवताना, तिचा."

चकाचकला पळून जावंसं वाटलं. पण गडी मागे हटला नाही. डावं-उजवं, ऊन, स्टँड, सगळं त्यानं सांगून टाकलं. तो चराही आपणच घासला, हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की बायकोला तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं.

मग ड्रायव्हर जो हसत सुटला, तो खोकला येईपर्यंत. "अहो मिस्त्री, मी तारा खाली आणायला सांगितल्या होत्या, तुम्ही गिटारच नवी जन्माला घातली! घाबरता काय? माझी गिटार मी झोपेत ओळखीन. आणा इकडे."

त्यानं दोन्ही वाजवल्या. पोटातून बोलणारी हातात येताच त्याचे डोळे मिटले. "हीच! हीच माझी बया. आता कसं, बोटांना लोणी लावल्यासारखं वाटतंय!"

"आणि तुम्हाला, बाई?" चकाचकच्या बायकोनं विचारलं.

नर्सबाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. ड्रायव्हरनं पुन्हा दोन्ही वाजवून दाखवल्या. त्यांनी डोळे उघडे ठेवून ऐकलं, मिटून ऐकलं. दोन आवाज वेगळे आहेत हे त्यांना स्पष्ट कळत होतं. पण त्यांतला आईचा कुठला, ते काही केल्या कळेना. लहानपणापासून रोज ऐकलेला आवाज, आणि तो समोर असून ओळखता येऊ नये? त्यांचे डोळे भरून आले. "यांना एवढी खात्री आहे तर यांची तीच असेल," त्या म्हणाल्या. "मी दुसरी नेते. चुकलं असेल तर माझंच, काका. मुलगी असून मला ओळखू आली नाही."

चकाचकला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या. त्याची बायको चहाचे रिकामे कप गोळा करायला लागली, तशा नर्सबाई उठल्या आणि डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून की काय, "द्या, मी आत ठेवते," म्हणून कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मागे दार नेहमीसारखं अर्धवट लागलं.

बाहेर ड्रायव्हरला राहवेना. थांब म्हणणारं कुणी नव्हतं. त्यानं पोटातून बोलणारी मांडीवर घेऊन एक संथ चाल धरली.

आत नळ सुरू होता, तो बंद झाला. मग बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. चकाचकची बायको बघायला गेली, तर नर्सबाई मोरीशी उभ्या होत्या, हातात साबणाचा कप, पाठ दाराकडे.

"ही आईची आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"आई बाहेरच्या खोलीत वाजवायची आणि मी आत भांडी घासायचे. रोज! मी तिच्यासमोर कधी बसलेच नाही हो काकू. मला ती भिंतीतूनच ठाऊक आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "ती जाड तार घुमते ना, ती भिंतीतून येते. बाकीच्या मागे राहतात. बाहेर सगळ्या एकदम कानावर पडल्या, मला काही सुधरलंच नाही."

चकाचक दाराच्या फटीतून हे ऐकत होता. तो ड्रायव्हरच्या कानाशी लागला. आता कधी ही, कधी ती, उलटसुलट वाजवा, सांगायचं मात्र नाही. बाईंना त्यानं हाक दिली, आतूनच ओळखा. ड्रायव्हरनं मान डोलावली आणि गंमत म्हणून एकच गिटार लागोपाठ दोनदाही वाजवली. आतून उत्तर येत होतं. "आई." "नाही." "आई." "आई! पुन्हा तीच वाजवलीत." एकदाही चुकलं नाही. प्रत्येक उत्तराबरोबर आतला आवाज हसरा होत गेला, आणि चकाचकचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत गेला.

ड्रायव्हरनं ती गिटार मांडीवरून उतरवली. मघाची झोपेतली ओळख त्यालाही आठवली असावी, कारण त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मी मघापासून दुसऱ्याच्या आईच्या गळ्यात पडलो होतो," तो म्हणाला आणि दुसरी गिटार उचलून तिची तार छेडली. ती टणकन वाजून आटोपती झाली. "बरोबर! ही माझ्यासारखीच. मोठ्यानं बोलते आणि विषय संपवते. चल गं, घरी जाऊ."

नर्सबाई बाहेर आल्या, हात पदराला न पुसताच स्टुलावर बसल्या आणि बायकोनं फडकं दिल्यावर ओशाळून हात कोरडे केले. मग आईची गिटार घेतली. खरंच फारसं येत नव्हतं त्यांना. एकच सोपी चाल, तीही अडखळत. पण वाजवता वाजवता त्यांना धीर आला, हात जोरात खाली आला आणि दोरा गुंडाळलेली ती अंगठी भोकाखाली खर्रकन घासली गेली.

नव्या कोऱ्या, आरशासारख्या पॉलिशवर एक लांबट चरा उमटला.

चकाचकच्या तोंडून "अरेरे" निघालं आणि सवयीनं त्याचा हात पॉलिशच्या फडक्याकडे गेला. बायकोनं तो हात मनगटाशी घट्ट धरला. नर्सबाईंनी चऱ्यावरून बोट फिरवलं, वर चकाचककडे पाहिलं आणि त्या हसल्या.

"राहू द्या, काका," त्या म्हणाल्या. "तो तिथेच होता."